मळेकाडूच्या यादीतलं सहावं नाव

थेरोंडा
३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दादा,

आधी फक्त झालेल्या गोष्टी लिहिते. क्रमाने.

१. १८ सप्टेंबर २०१८ रोजी, गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे आपली होडी थेरोंड्याच्या बंदरावरून मासेमारीला गेली. ती दोन माणसांनी चालवायची होडी होती.

२. दुपारी वारा फिरला. होडी परत आली नाही.

३. २० तारखेला आपला चुलतभाऊ अंबाजी याचा मृतदेह कोर्लईच्या बाजूला मिळाला. दुसऱ्या माणसाचा मिळाला नाही.

४. पोलिसांच्या कागदावर दुसरा माणूस म्हणून तुझं नाव आहे. गणराज, वय २३. तू होडीत होतास असा जबाब एकाच व्यक्तीने दिला. ती मी, तुझी बहीण, वय १९.

५. तू होडीत नव्हतास. तू पनवेलच्या एसटीत होतास. पक्षी-प्राण्यांची माहिती शिकवणाऱ्या कर्नाटकातल्या केंद्रात तुला जागा मिळाली होती. त्यांचा अर्ज मी भरला होता आणि स्टँडवर सोडायलाही मीच आले होते. घरात तिसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. अंबाभाऊ त्या दिवशी एकटा गेला.

६. २९ सप्टेंबरला दर्भाचा पुतळा करून तुझे अंत्यसंस्कार झाले.

७. ४ ऑक्टोबरला तू मला फोन केलास. मी म्हणाले, येऊ नकोस. तू आला नाहीस. त्यानंतर संपर्क नाही.

८. अंबाभाऊचा धाकटा भाऊ कमलेश आता नागावला होमस्टे चालवतो आणि वन्यजीव फोटोग्राफीच्या सहली नेतो. या वर्षीची सहल १२ ते १६ डिसेंबर. माणसं सहा. जागा, कर्नाटकातलं मळेकाडू रेनफॉरेस्ट रिसॉर्ट. सहापैकी एक मी आहे.

९. त्या रिसॉर्टच्या वेबसाइटवर 'राज' नावाच्या निसर्ग-मार्गदर्शकाचा फोटो आहे. टोपी, दाढी, डोळ्याला कॅमेरा. डाव्या कानाच्या वरच्या कडेचा तुकडा नाही. लहानपणी गळ अडकून तुझ्या कानाचा नेमका तेवढाच तुकडा गेला होता. मी फोटो मोठा करून पाहिला.

१०. कमलेशभाऊनेही तो फोटो पाहिला आहे. मोबाइलवर, छोटा. त्याने ओळखलेलं नाही.

एवढंच.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. तो तूच का, आणि १२ ते १६ डिसेंबर तू कामावर असणार का.

पाकिटावर 'श्री. राज' असंच लिहिलं आहे. उत्तर पत्राने दिलंस तर घरी पाठवू नकोस. आईला आलेली पत्रं अजून शेजारचं कोणीतरी वाचून दाखवतं. मागच्या बाजूला माझ्या लॅबचा अलिबागचा पत्ता आहे. फोनचा नंबर मी बदललेला नाही.

क्रांती

*

नागाव
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

दादा,

स्पीड पोस्टच्या नोंदीत पत्र ७ तारखेला दुपारी १२.४२ला वितरित झाल्याचं दिसतं. सही कोणाची ते दिसत नाही.

हे कमलेशभाऊच्या ओटीवर बसून लिहिते आहे. आज इथे सहलीची बैठक होती. बाकीचे जेवून समुद्रावर गेलेत.

मधल्या दिवसांत मी काय केलं ते सांगते. आपली भेट टाळता यावी म्हणून सहलीची जागा बदलता येते का, हे पाहिलं. पश्चिम घाटातली पाच ठिकाणं घेतली. प्रत्येकाचं डिसेंबरातलं सरासरी पाऊसमान, पनवेलहून प्रवासाचे तास, जंगलातल्या उजेडात किती शटर-स्पीड मिळेल याचा अंदाज, आणि प्रत्येकाला हवा असलेला प्राणी दिसायची शक्यता. तक्ता केला. मळेकाडू त्यात चौथं येत होतं. त्यासाठी मला आकडे ओढूनताणून बसवावे लागले नाहीत. मळेकाडू बेडकांसाठी ओळखलं जातं, पण बेडकांसाठी जायचं तर जुलैत जायला हवं, डिसेंबरात नाही.

कमलेशभाऊने तक्ता पाहिला आणि कागद उलटा करून त्यावर कांदाभजीची बशी ठेवली.

"क्रांते, तू फोटो काढायला येतेस का टेंडर भरायला?"

"चौथ्या नंबरच्या ठिकाणी का जायचं एवढंच विचारते."

"कारण तिथं राज आहे." त्याने आणखी एक भजं उचललं. "मॅनेजर बोलला, मराठी बोलतो. कोकणातलाच आहे. आता एवढं लांब जाऊन बेडकाची माहिती कोण इंग्लिशमध्ये ऐकणार? सर, तुम्ही ऐकणार?"

हे सर म्हणजे चौलचे बाबाजी सर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी जुन्या बाजारातून एक लेन्स घेतली आहे. तिच्या आत बुरशी आहे हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांना धनेश पक्ष्याचा फोटो हवा आहे, आणि जळवांची फार भीती वाटते.

"मला शुगर आहे," ते म्हणाले. "जळवांमध्ये बातमी पसरली की आज गोड आहे, तर काय करायचं?"

"तुम्हाला पुढं ठेवू सर. आम्ही मागून वाचू."

सगळे हसले. पनवेलचं एक जोडपं आहे, दीपेश आणि हेतल. तेही हसले. मी जळवांचे मोजे किती मागवायचे ते लिहून घेतलं. सहा जोड, गुडघ्यापर्यंतचे. कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकायची ओल शोषणारी पुडी, प्रत्येकी चार. एका पायाचा स्टँड चालेल, तीन पायांचा त्या पायवाटांवर उभा राहत नाही.

मग हेतलने कमलेशभाऊला विचारलं की त्याला पक्ष्यांचा नाद कुठून लागला. मी त्या वेळी उठून आत जायला हवं होतं.

तो आतून तुझी वही घेऊन आला. निळ्या पुठ्ठ्याची. 'चौल ते फणसाड', एकशे बारा पक्षी. तुझ्या दिवसांनंतर आईने ती त्याला दिली होती. त्याने त्या यादीत पुढे भर घातली आहे, आता एकशे सत्याण्णव आहेत. तुझ्या नोंदी निळ्या शाईत, त्याच्या काळ्या. तुझी एक नोंद चुकली होती, लाल बुडाचा बुलबुल आणि दुसरा कुठला तरी यांत गल्लत झाली होती. ती त्याने खोडली नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, 'गण्या, हा तो नाय.'

हेतलला तो म्हणाला, "एकाच होडीत दोन भाऊ गेले माझे. सख्खा एक, चुलत एक. लोक विचारतात, कसं सहन केलं. एकच गोष्ट सांगतो. अंबा एकटा नव्हता. गण्या होता त्याच्यासोबत. शेवटपर्यंत. माझी वहिनी तेवढ्यावरच जगते."

तो हे मोठ्याने म्हणाला नाही. भज्यांचं तेल बोटांना लागू नये म्हणून वही त्याने कोपराने बंद केली.

दादा, सात वर्षांत मी हे त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं असं नाही. पण याआधी ऐकताना तू दाढी ठेवून, टोपी घालून, सहाशे किलोमीटरवर पाहुण्यांना बेडूक दाखवतो आहेस हे मला माहीत नव्हतं. तू जिवंत आहेस एवढंच माहीत होतं. त्या दोन गोष्टींत इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं.

काल मी रिसॉर्टला फोन केला. नाव सांगितलं नाही. १२ तारखेच्या गटाला राजऐवजी दुसरा मार्गदर्शक मिळेल का असं विचारलं. मॅनेजर म्हणाले, दुसरा डिसेंबरभर रजेवर आहे, त्याच्या घरी बाळ येणार आहे. काही तक्रार आहे का, असंही विचारलं. मी नाही म्हणाले.

मी सहलीतून नाव काढलं तरी बाकीचे येणारच. म्हणजे मी येऊन किंवा न येऊन काही बदलत नाही.

तू रजा घेऊ शकतोस. ते फक्त तुला जमेल. घेणार असशील तर कळव.

क्रांती

*

थेरोंडा
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

दादा,

दुसरं पत्र १३ला पोचलं. तुझ्याकडून काही नाही.

मी रोज दुपारी पोस्टाची नोंद पाहते. पोचल्यावर तिच्यात पुढे काही होत नसतं, तरीही पाहते. लॅबमधली तेजस्वी परवा मागे उभी होती. म्हणाली, "पार्सल आहे का काही?" मी म्हणाले, हो, लेन्सचं झाकण.

तेजस्वी सहलीत माझ्या खोलीत असणार होती. तिची रजा नामंजूर झाली. म्हणून सहावी जागा रिकामी झाली. खोल्या तीन आहेत. दीपेश-हेतल, कमलेशभाऊ-सर, आणि मी. माझ्यासोबत बाईच हवी.

कमलेशभाऊने मला विचारलं नाही. तो बुधवारी संध्याकाळी मासळी न्यायला आला आणि थेट आईलाच म्हणाला, "काकी, चला तुम्ही."

आई कोयत्यावर सुरमई कापत होती. वर बघितलं नाही.

"कुठं?"

"जंगलात. चार दिवस. क्रांतीच्या खोलीत जागा आहे."

"मी काय करू रं तिथं? झाडं काय मी बघली न्हाईत?"

"अशी न्हाईत बघितली. माणसाला मिठी मारता येणार न्हाय एवढी."

"मिठी कोणाला मारायची हाय?" आईने डोकं वेगळं करून टोपलीत टाकलं. "माझं गुडघं बघ आधी. आणि तिथं म्हावरा मिळतो का?"

"नदीतला मिळतो."

"नदीतला म्हावरा काय खायचा. मातीची चव."

कमलेशभाऊ हसला आणि निघाला. मला वाटलं विषय संपला. मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रेवदंड्याच्या बाजारात जायला टोपली भरताना, ती म्हणाली, "गणू जाणार व्हता ती पाखरांची शाळा तिकडंच हाय का कुठं?"

मी विचारलं, कोणती शाळा.

"येडी समजतेस मना? त्याच्या पेटीत कागद व्हता. फोटो लावलेला. मना वाचता न्हाय येत, पण पाखराचं चित्र कळतं. आणि लिवलेलं अक्षर तुझं व्हतं, ते पण कळतं." तिने टोपलीवर ओलं फडकं टाकलं. "मी काय बोलली न्हाय. म्हटलं, बापाच्या मागं पोरगा एकुलता, जाईल तर जाऊ दे. थोडे दिवस रडेन. तो बोलायचीच वाट बघत व्हती मी."

दादा, तिला माहीत होतं. तू तिला सांगितलं असतंस तर तिने तुला जाऊ दिलं असतं. आपण दोघांनी महिनाभर घरात कुजबुजत काढला, आणि ती चुलीपाशी बसून तू बोलायची वाट पाहत होती.

मग ती म्हणाली, "ज्याच्यापायी तो इतका झुरला, ते काय असतं ते एकदा बघते. गुडघ्याला पट्टा बांधीन. कमलेशला सांग, येते म्हणावं."

मी कमलेशभाऊला अजून सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं की आईच्या डॉक्टरांना विचारते आहे. डॉक्टरांना विचारलं नाही. आईने मात्र पट्टा आणला आहे. काल शेजारणीला सांगत होती की पोरगी मना विमानाने नेते. मी रेल्वे म्हणाले होते. ती म्हणाली, तिला काय कळतं, विमान सांगितलं की बरं वाटतं.

माझं काम तुला माहीत नसेल. कारखान्यांतून दाब मोजायचे गेज येतात, ते खरं दाखवतात की नाही ते मी तपासते. चुकणारा गेज लगेच फेकत नाहीत. किती चुकतो ते मोजून त्यावर चिठ्ठी लावतात, म्हणजे वापरणारा तेवढं वजा करून वाचतो. गेली चार वर्षं मी हे रोज करते. आणि आई जंगलाच्या गोष्टी बोलायला लागली की तिच्या वाक्यांतून काय वजा करायचं ते मला समजत नाही.

तिला घेऊन आले आणि तू समोर उभा राहिलास तर काय होईल? तिचं रक्तदाबाचं औषध चालू आहे. तिला न आणता आले, आणि कमलेशभाऊने तुला ओळखून परत येऊन तिला सांगितलं तर काय होईल? तू रजेवर गेलास, आणि ती चार दिवस तू राहिलेल्या जागी फिरून, तुला न बघता परत आली तर? तिन्हीतलं कुठलंच मी तिच्यासाठी निवडू शकत नाही.

लिहिण्यासारखं अजून एक आहे. पुढच्या पत्रात लिहीन.

क्रांती

*

थेरोंडा
२१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

दादा,

तिसरं पत्रही पोचलं आहे. म्हणजे तू तिन्ही वाचली आहेस, किंवा तिन्ही वाचली नाहीस, किंवा ते सगळं ऑफिसातल्या कोणाच्या तरी खणात पडलं आहे. मी पहिलं धरून चालते.

पहिल्या पत्रात मी दहा मुद्दे लिहिले. पाचव्या मुद्द्यात शेवटी लिहिलं, 'अंबाभाऊ त्या दिवशी एकटा गेला.' ते खरं आहे. का गेला ते मी लिहिलं नाही. तुला वाटतं तसं ते नाही.

तू मला दोन गोष्टी सांगितल्या होत्यास. एक, 'एसटी सुटेपर्यंत अंबाभाऊला काही कळू देऊ नकोस, कळलं तर तो मोटरसायकल घेऊन स्टँडवर येईल आणि मला उचलून नेईल.' दोन, 'एसटी सुटली की तडक बंदरावर जा, त्याला सांग की गणराज येत नाही, तू शेजारच्या विपुलला उठव आणि त्याला घेऊन जा.'

एसटी पाचला होती. ती पाच तेहतीसला आली आणि पाच पस्तीसला सुटली. मी सायकलने बंदरावर गेले. पाच त्रेपन्नला पोचले. विसर्जनाची रात्र जागून गाव झोपलेलं होतं, काठावर कोणी नव्हतं. पूर्ण उजाडलं नव्हतं. भरती उतरायच्या आत निघायला हवं म्हणून अंबाभाऊने तुझी वाट पाहणं सोडलं होतं. होडी काठापासून साठ-सत्तर मीटरवर होती. इंजिन सुरू केलेलं नव्हतं. तो उभा राहून बांबूने होडी रेटत होता. वारा नव्हता. माझा आवाज पोचला असता.

मी हाक मारली नाही.

होडीचं तोंड समुद्राकडे फिरलं की काठावरून हाक मारायची नाही, एवढंच त्याचं कारण आहे. दुसरं काहीही नाही. तुला आठवत असेल, मी आठ वर्षांची असताना बाबांचा डबा घरी राहिला होता आणि मी काठावरून 'बाबा' अशी हाक मारली होती. आईने तिथेच माझ्या तोंडावर मारलं होतं. बाबा त्या दिवशी टोपलीभर पापलेट घेऊन घरी आले. तरीही मी शिकले ते शिकलेच.

मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. मी यातलं काही मानत नव्हते. मुंजाचं झाड, मांजर आडवं जाणं, या सगळ्याला मी हसायचे, तूही हसायचास. त्या दिवशी मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मग मी हात वर केला. हातही हाकच झाली असं वाटून तोही खाली घेतला. त्याने मागे बघितलं नाही, निघालेला माणूस बघत नाही. मी तिथे चार मिनिटं उभी होते. मग इंजिन सुरू झालं.

मी हाक मारली तर त्याचं काही वाईट होईल, म्हणून मी हाक मारली नाही.

पोलिसांनी विचारलं, होडीत कोण कोण होतं. 'एकटा अंबाजी' असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, दुसरा कुठे आहे. त्याच्या पुढचा, तुला कधी कळलं. मी म्हणाले, दोघे होते, मी पाहिलं. मला वाटलं होतं की आठवडाभरात तू स्वतः येशील आणि माझं वाक्य खोटं ठरेल आणि ते माझ्या हातात राहणार नाही. तू फोन केलास तोवर पुतळा जळला होता.

फोनवर अंबाभाऊची बातमी ऐकल्यावर तू पहिला प्रश्न विचारलास, निरोप दिला होतास ना? मी म्हणाले, दिला होता, तो म्हणाला कोणाची गरज नाही, मी एकटा जातो. मग विचारलंस, घरी येऊ का. मी म्हणाले, लोक तुला दोष देतायत, कमलेश तुझे पाय तोडेल म्हणतो, येऊ नकोस.

तुला कोणी दोष देत नव्हतं. सगळे तुझ्यासाठी रडत होते. कमलेशभाऊ आईच्या पायाशी बसून होता. तू आला असतास तर निरोपाचा विषय निघाला असता, म्हणून मी तुला येऊ दिलं नाही. सात वर्षं तू जे वाहतो आहेस त्यातलं निम्मं माझं आहे. निम्म्याहून जास्त असेल. ते मला मोजता येत नाही.

हे सांगायला मी दोनदा काशीवहिनीकडे गेले. अंबाभाऊनंतर ती त्याच घरात राहते. परवा ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. काठ्यांवर जोडी जोडीने, जबड्यात जबडा अडकवून.

"ये गो. बस. माझं हात भरलेलं हायत, पाणी तुझं तूच घे."

मी पाणी घेतलं.

"तोंड का असं? लग्नाचं बोलली का आई परत?"

"नाही."

"मग? जंगलात वाघ खाईल म्हणून घाबरलीस?"

"तिथे वाघ दिसत नाहीत सहसा."

"बघा. एवढं लांब जायचं आणि वाघ पण न्हाय." ती हसली. मग म्हणाली, "कमलेशला सांभाळ. त्याला पोहता येतं म्हणून तो कुठल्या पण पाण्यात उतरतो. ह्यांना पण येत व्हतं. गणूभावजी सोबत व्हते म्हणून मी तरी..." वाक्य पुरं न करता तिने पुढची जोडी उचलली.

मी म्हणाले, वहिनी, टॉर्च आहे का तुमच्याकडे, सहलीसाठी हवा होता. तिने हात धुऊन टॉर्च आणून दिला. तो माझ्या टेबलावर आहे. माझ्याकडे दोन आहेत.

मी भ्याले म्हणून परत आले, हे खरं आहे. पण एक अडचणही आहे, आणि ती खरी आहे. माझी चूक सांगायची तर तू होडीत नव्हतास हे सांगावं लागतं. म्हणजे तू जिवंत आहेस हे सांगावं लागतं. तुझ्याबद्दल काय खरं हे मी एकदा तुला न विचारता ठरवलं. दुसऱ्यांदा ठरवणार नाही. अर्धं सांगता येत नाही, आणि पूर्ण सांगायला तुझी परवानगी लागते. म्हणून ही पत्रं. सहल नसती तर मी कदाचित कधीच लिहिली नसती. हेही खरं आहे.

कमलेशभाऊने आता गटावर सामानाची शेवटची यादी टाकली आहे. बाबाजी सरांनी जळवांसाठी तंबाखूची पुडी घेतली आहे आणि ती कोणाला सांगू नका असं सगळ्या गटाला कळवलं आहे. आई रोज विचारते की तिथे थंडी असते का. मी आकडे सांगते, सकाळी चौदा-पंधरा अंश. ती म्हणते, म्हंजी शाल घेऊ का नको ते सांग.

रिसॉर्टला सहाव्या पाहुण्याचं नाव शुक्रवारी, २८ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं आहे. नाव दिलं नाही तर ती जागा ते दुसऱ्या कोणाला देतात.

मला तीन गोष्टी कळव. तू त्या दिवसांत तिथे असशील का. मी आईचं नाव लिहू का. आणि निघायच्या आधी आईला, कमलेशभाऊला आणि काशीवहिनीला मी सगळं सांगावं, याला तुझी हरकत आहे का. सांगताना एसटीची वेळ, बंदराची वेळ, फोनवर मी काय बोलले, सगळं सांगेन. त्यात तुझ्या बाजूने काही लपवायचं असेल तर ते काय, तेही लिही.

एका शब्दाचं उत्तर चालेल. फोन, मेसेज, काहीही. कृपया शुक्रवारी, २८ नोव्हेंबरला, संध्याकाळी पाचच्या आत दे.

क्रांती